बोट गेलं, कागदावर मात्र ‘हाताला मार’

एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. त्यांचे मिस्टर ३४ वर्षांचे, चाकणला एका प्रेस शॉपमध्ये कंत्राटदारामार्फत कामाला. पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसमध्ये उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट गेलं, मधलं वाचलं पण ताठ झालंय, मुठीत वळत नाही. पगार १८ हजार, ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापला जातो. अपघात झाला तेव्हा सुपरवायझरनं जवळच्या खासगी हॉस्पिटलात नेलं, बिल कंपनीनं भरलं. तिथून मिळालेल्या चिठ्ठीवर लिहिलंय, ‘हाताला मार, चार आठवडे विश्रांती’. नंतर ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन सर्टिफिकेटं घेतली, बारा आठवड्यांचे पैसेही आले, पण आजारपणाच्या दरानं. आता कंत्राटदार म्हणतो फिटनेस सर्टिफिकेट आणा नाहीतर नाव कमी करतो. शेजारचे म्हणतात चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट काढा, पेन्शन चालू होईल. ताईंचा शेवटचा सवाल असा: “एवढं बोट गेलं तरी डॉक्टर चाळीस टक्के का लिहीत नाहीत?”

ताई, भोसरीत माझा दवाखाना आहे, २९ वर्षं झाली. त्यातली ११ वर्षं मी ईएसआयचा पॅनेल डॉक्टर होतो. तुमच्यासारखा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी समोर येतो आणि गोंधळ दर वेळी एकाच ठिकाणी असतो. तुमच्या मिस्टरांच्या हाताबद्दल तीन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं देणारी माणसं तीन, तिन्ही उत्तरांवर मिळणारे पैसेही वेगळे. लोक एकाच डॉक्टरकडून एकाच कागदावर तिन्ही मागतात आणि मग कुठलंच धड मिळत नाही.

पहिला प्रश्न, माणूस आज कामावर जाऊ शकतो का? हे उपचार करणारा डॉक्टर सांगतो; ईएसआयमध्ये तिथला दवाखान्याचा डॉक्टर. दुसरा, या इजेमुळे त्याची कमावण्याची ताकद कायमची किती घटली? हे ईएसआयचं मेडिकल बोर्ड ठरवतं. तिसरा, कायद्याच्या व्याख्येनुसार तो दिव्यांग आहे का, असला तर किती टक्के? हे सरकारी हॉस्पिटलचं बोर्ड ठरवतं. आपल्याकडे ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम. ‘चाळीस टक्के’ हा आकडा फक्त तिसऱ्या प्रश्नाचा आहे. तुमचे खरे पैसे पहिल्या आणि दुसऱ्यात अडकलेत.

आधी जे आत्ता हातातून जातंय ते बघू. आजारपणाचा लाभ मजुरीच्या ७० टक्के असतो, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि पहिले दोन दिवस सहसा कोरडे जातात. कामावरच्या अपघाताचा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ ९० टक्के असतो. त्याला ९१ दिवसांची मर्यादा नाही, आणि आधी किती महिने वर्गणी भरली हेही कुणी बघत नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी बोट गेलं तरी तो लागू होतो. हिशोबाला रोजची मजुरी ६०० रुपये धरा. ७० टक्क्यांनी ४२०, ९० टक्क्यांनी ५४०. दिवसाला १२० रुपयांचा फरक, ८४ दिवसांचे १०,०८०. ते तुम्हाला मिळाले नाहीत, कारण ईएसआयच्या कागदावर अपघात झालेलाच नाही. तिथं फक्त एक आजारी माणूस आहे, ज्याच्या हाताला काहीतरी लागलंय.

आणि दहा हजारांची बाब लहान म्हणावी अशी गोष्ट पुढं आहे. अपघात कामावरचा म्हणून नोंदला गेला नाही, तर दुसरा प्रश्न, म्हणजे कायमच्या घटीचा, विचारलाच जात नाही. मेडिकल बोर्ड आजाऱ्याला टक्के देत नाही.

असं का होतं ते सांगतो. कामगार ४८ तासांहून जास्त कामाबाहेर राहिला की कारखान्याला अपघात कळवावा लागतो, मग तपासणी, प्रेसला गार्ड होता का, सेन्सर चालू होता का, असे प्रश्न येतात. ते टाळायचे म्हणून काही ठिकाणी पट्टी बांधलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी गाडी पाठवून बोलावतात, स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवतात आणि हजेरी लावतात. वर वाटतं, किती चांगली माणसं, बसून पगार देतायत. तुमच्या मिस्टरांना तसं बोलावलं होतं का, हे आठवून बघा. ज्या दिवसाची हजेरी आणि पगार आहे त्या दिवसाचा ईएसआयचा लाभ मिळत नाही. आणि एकाच दिवशी सर्टिफिकेटही चालू आणि हजेरीही लागलेली असं निघालं, तर संशय कामगारावर येतो, कंपनीवर नाही.

आता त्या चिठ्ठीकडे येऊ. ‘हाताला मार, चार आठवडे विश्रांती.’ त्या डॉक्टरांवर मी रागवणार नाही, कारण अशी चिठ्ठी मी स्वतः लिहिलेली आहे.

दवाखाना टाकून दोनच वर्षं झाली होती. संध्याकाळची गर्दी, एक टर्नर डोळा रुमालानं झाकून आला. लेथवर काम करताना कीस उडून डोळ्यात गेला होता. मी डोळा धुतला, थेंब घातले, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली आणि रजेसाठी सर्टिफिकेट लिहिलं: ‘उजव्या डोळ्यास इजा, १० दिवस विश्रांती.’ त्याला इतकं कळवळायला होत होतं की पॅडवर त्याची सहीसुद्धा घेतली नाही. डोळ्याची नजर पुढं गेली. सात-आठ महिन्यांनी मला साक्षीला बोलावलं. मालकाच्या वकिलानं विचारलं, डॉक्टर, इजा कामावर झाली असं पेशंटनं तुम्हाला सांगितलं होतं? मी म्हटलं, हो. कुठं लिहिलंय? मी रजिस्टर उघडलं. अनुक्रमांक, नाव, तारीख, ‘नेत्रइजा’. बस. वकील काही बोलला नाही, नुसता रजिस्टरकडे बघत राहिला. टर्नर समोरच्या बाकावर बसला होता. एका डोळ्याची नजर गेली की कायद्याच्या अनुसूचीत कमाईची ३० टक्के घट मांडलेली आहे. ते टक्के मिळवायला त्या माणसाला आणखी तीन वर्षं लागली. माझ्या दोन ओळींच्या आळसापायी.

त्यानंतर मी सर्टिफिकेट नियमानं लिहायला लागलो, आणि नियम वाचल्यावर कळलं की तो शहाण्या माणसांनी लिहिलाय. डॉक्टरांच्या आचारसंहितेत, म्हणजे २००२ च्या नियमावलीत, रजेच्या सर्टिफिकेटाचा नमुनाच दिलेला आहे. सगळ्यात वर पेशंटची सही किंवा अंगठा, डॉक्टरांसमोर केलेला. मग ओळखीच्या दोन खुणा. डाव्या भुवईवर तीळ, उजव्या पोटरीवर जुना व्रण, असं. मग मजकूर: मी काळजीपूर्वक तपासून प्रमाणित करतो की वर सही करणारी व्यक्ती अमुक आजारानं आजारी आहे आणि अमुक तारखेपासून इतके दिवस कामावर न जाणं प्रकृती सुधारण्यासाठी नितांत आवश्यक आहे. ‘विश्रांती घ्यावी’ हा सल्ला झाला. ‘कामावर न जाणं आवश्यक आहे’ हे मत झालं. क्लार्कला आणि बोर्डाला मत हवं असतं. शिवाय डॉक्टरानं सर्टिफिकेटांचं रजिस्टर ठेवायचं आणि प्रत जपायची, हेही त्याच नियमावलीत आहे. ज्या डॉक्टरकडे असं रजिस्टर नाही, त्याचं सर्टिफिकेट तुम्ही कितीही लॅमिनेट केलंत तरी तपासणीत उघडं पडतं.

अपघाताच्या बाबतीत मी आणखी एक ओळ घालतो: ‘पेशंटच्या सांगण्यानुसार, अमुक तारखेला, अमुक वाजता, कामाच्या ठिकाणी पॉवर प्रेसवर काम करताना.’ मी तिथं नव्हतो, मी ते पाहिलेलं नाही. पण पेशंट पहिल्याच दिवशी, डोक्यात वकील-बिकील काही नसताना हे बोलला, याला फार किंमत असते. सहा महिन्यांनी सांगितलेल्या गोष्टीला तेवढी नसते.

हाच मार्ग मागच्या तारखेच्या मागणीवरही आहे. रोज कुणी ना कुणी येतं: डॉक्टर, तीन तारखेपासूनचं द्या ना, आज सात आहे. तीन तारखेचं मी देऊ शकत नाही. खोटं सर्टिफिकेट ही आमच्या व्यवसायात नाव रजिस्टरवरून कमी होण्याइतकी मोठी चूक आहे. पण एवढं लिहू शकतो: ‘तीन तारखेपासून ताप व जुलाब असल्याचं पेशंट सांगतो, मी सात तारखेला तपासलं, आजची स्थिती पाहता आजार चार-पाच दिवसांचा असणं सुसंगत वाटतं.’ हे पूर्ण खरं आहे आणि बहुतेक ऑफिसांत चालतं. लोकांना हे माहीत नसतं, डॉक्टरही सांगत नाहीत, आणि एक साधी खरी ओळ सोडून सगळे खोट्या तारखेमागं लागतात.

खोटी सर्टिफिकेटं नसतात असं मी म्हणणार नाही. पॅनेलवर होतो तेव्हा गावाकडच्या यात्रा सुरू झाल्या की चैत्रात माझ्या बाकावर कंबरदुखीचे पेशंट वाढायचे. निवडणुकीची ड्युटी लागली की मास्तरांना चक्कर यायची. “साहेब, मेडिकल टाकायचंय” असंच म्हणायचे, दुखतंय असं म्हणायचीही तसदी घेत नसत. या सगळ्याची किंमत खरा दुखणेकरी देतो, कारण खिडकीपलीकडचा माणूस प्रत्येक कागदाकडे त्याच नजरेनं बघायला लागतो. २०२४ मध्ये पुण्यातल्याच एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या दिव्यांग सर्टिफिकेटांवरून जे वादळ उठलं, तेव्हापासून तर बोर्डासमोर जाणाऱ्या माझ्या पेशंटांना जास्तच उलटसुलट विचारलं जातंय. खोटं बोलून दिव्यांगांसाठीचा लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. म्हणून जो कुणी “चाळीसचं करून देतो, इतके लागतील” म्हणतोय, त्याच्यापासून लांब राहा. पकडले जाल तुम्ही, तो पुढच्या गल्लीत दुसरा पेशंट शोधेल.

आता त्या चाळीस टक्क्यांचं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मोजलेलं आहे आणि बहुतेक योजना ४० टक्क्यांपासून सुरू होतात. हे टक्के बोर्डाच्या मनावर नसतात. सांधा किती अंश वळतो, पकडीत जोर किती, बोटाचा किती भाग नाही, याची कोष्टकं केंद्र सरकारनं ठरवून दिलीत. नुसती तर्जनी गेली आणि मधलं बोट ताठ झालं, तर त्या कोष्टकात चाळीसच्या जवळपासही पोचत नाही. म्हणून डॉक्टर लिहीत नाहीत. तुमचं दुःख त्यांना दिसत नाही असं नाही, पण त्या कागदावर दुःखाचा रकाना नसतो.

आणि समजा चाळीस भरले, तरी शेजारी म्हणतात ती पेन्शन म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. दिव्यांगांना त्यात आता महिना २,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवं. तुमच्या घरात १८ हजार महिना, म्हणजे वर्षाला २ लाख १६ हजार. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखलाच तुम्हाला बाहेर काढेल. या दारात जाऊन दोन महिने घालवू नका.

टक्क्यांची बेरीज कशी होते तेही सांगून टाकतो, कारण यावरून बोर्डाबाहेर नेहमी भांडणं होतात. दिघीचे एक पेशंट होते, गुडघ्याचे ३० टक्के आणि खांद्याचे १८. घरी ४८ धरून बसले होते, कागदावर ४२ आले. बोर्डानं फसवलं म्हणून माझ्याकडे आले. त्याचं गणित असं असतं: मोठा आकडा ३०, तो ९० मधून वजा केला की ६०, लहान आकडा १८ गुणिले ६० भागिले ९०, म्हणजे १२, ३० अधिक १२, ४२. एक अवयव आधीच अधू असलेल्या शरीरातून दुसऱ्याची घट मोजायची, असा त्यामागचा विचार. पेशंट म्हणाले, “म्हणजे दुसऱ्या दुखण्याला डिस्काउंट?” याहून चांगलं मला समजावता आलं नसतं. त्यांचे ४२ चाळीसच्या वर होते म्हणून काम भागलं. किती तरी जणांचं ३८ वर अडतं.

आता तुमच्या खऱ्या दाराकडे, कमाईच्या घटीकडे येऊ. इथं जरा सावकाश वाचा.

कामावरच्या इजांसाठी कायद्याला जोडलेली एक अनुसूची आहे. तिच्यात प्रत्येक बोटाची, बोटाच्या प्रत्येक पेराची किंमत टक्क्यांत दिलेली आहे. वाचताना अंगावर काटा येतो, पण कामगाराच्या बाजूनं तिचा फायदा असा की वाद कमी होतो. अंगठा गेला तर ३० टक्के. तर्जनी अख्खी गेली तर १४. दोन पेरं गेली तर ११. एक पेर गेलं तर ९. हाड न जाता नुसतं टोक छाटलं तर ५. आता तुमचा हिशोब करा. लाभाचा पूर्ण दर रोज ५४० रुपये. त्याचे १४ टक्के ७५ रुपये ६० पैसे. महिन्याचे साधारण २,२६८. हे आयुष्यभर. पुन्हा कामावर गेले, पगार पहिल्याइतकाच मिळाला, तरी हे बंद होत नाही. ताठ झालेल्या मधल्या बोटाचं अनुसूचीत नाव नाही, ते बोर्ड हात बघून वेगळं धरतं.

पण १४ आणि ११ मधला फरक बघा. महिन्याला ४८६ रुपये, तोही आयुष्यभर, आणि तो अवलंबून कशावर? मुळाशी हाडाचा तुकडा उरलाय की नाही यावर. तुमच्या मिस्टरांना कुणी ‘मुळापासून गेलं’ म्हणालं असेल; बोर्ड ते ऐकून घेत नाही, ते एक्स-रे आणि ऑपरेशनची नोट बघतं. म्हणून त्या खासगी हॉस्पिटलातून चिठ्ठी सोडून बाकी सगळं काढा: केसपेपर, ऑपरेशन नोट, आधीचा आणि नंतरचा एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड. कामावरचा अपघात म्हणून पोलिसांना कळवलं असेल तर एमएलसीची, म्हणजे मेडिको-लीगल केसची, नोंद, तिचा नंबर. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत कागद देणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. बिल कंपनीनं भरलं म्हणून कागद कंपनीचे होत नाहीत. काउंटरवर “कंपनीचं लेटर आणा” म्हणाले तर अर्जावर पोच मागा. पोच मागितली की आवाज खाली येतो.

मग ईएसआयच्या शाखा कार्यालयात. अपघाताची खबर कामगार स्वतः देऊ शकतो, त्याच्या वतीनं तुम्हीही देऊ शकता. तोंडी चालते, पण तुम्ही लेखीच द्या. कारखान्यानं अपघात रजिस्टरमध्ये नोंद करायची असते आणि रिपोर्ट पाठवायचा असतो, ज्याला सगळे फॉर्म १२ म्हणतात. तो गेला नसेल तर तुमच्या अर्जावरून शाखा कार्यालय मालकाकडे विचारणा करू शकतं. अर्जात कथा लिहू नका. तारीख, वेळ, शिफ्ट, मशिनचा नंबर, कुठला पार्ट चालू होता, शेजारच्या मशिनवर कोण होतं, कुणी हॉस्पिटलात नेलं, कुठल्या गाडीतून. ‘साहेबांनी दुर्लक्ष केलं, आम्ही गरीब आहोत’ ही वाक्यं खरी असली तरी तपास करणाऱ्याच्या उपयोगाची नाहीत. मशिनचा नंबर उपयोगाचा आहे. आणि सरळ मागणी लिहा: आजारपण म्हणून दिलेला काळ कामावरच्या इजेचा धरावा, फरक द्यावा, आणि कायमच्या अपंगत्वाच्या मोजणीसाठी मेडिकल बोर्डाकडे पाठवावं.

कंत्राटदार म्हणेल, माझा माणूस नाही. कंपनी म्हणेल, आमचा नाही. ईएसआयच्या कायद्यात मूळ मालक, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम चालतं तो, जबाबदार असतो. वर्गणी थकली असेल तर ती मालकाकडून वसूल करायची सोय आहे, त्यासाठी तुमचा लाभ अडवायचं कारण नाही. १९४८ चा हा कायदा आता नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, २१ नोव्हेंबर २०२५ पासून. खिडकीवर अजून सगळे जुनीच नावं घेतात, तुम्हीही घ्या, काही बिघडत नाही.

नाव कमी करायच्या धमकीबद्दल. लाभ चालू असताना, सर्टिफिकेट चालू असताना, कामगाराला काढता येत नाही. त्यामुळं आज तुमचं काम एवढंच की सर्टिफिकेटात एका दिवसाचीही फट पडू देऊ नका. शुक्रवारी संपतंय आणि सोमवारी गेलो, असं होतं आणि त्या दोन दिवसांत माणूस ‘गैरहजर’ होतो. फिटनेस घाईनं घेऊ नका. तुमच्या मिस्टरांना उजव्या हातानं शर्टाची बटणं लावायला सांगा, कुलपात किल्ली फिरवायला सांगा, टेबलावरचं दोन रुपयांचं नाणं उचलायला सांगा. मी दवाखान्यात हेच करतो. नाणं तीनदा निसटत असेल तर त्याला परत प्रेसवर उभं करणं म्हणजे दुसऱ्या बोटाची तयारी. हे डॉक्टरांना सांगा, करून दाखवा. ‘दुखतंय’ या शब्दापेक्षा नाणं जास्त बोलतं. आणि काम काय आहे ते सांगा, कारण बऱ्याच डॉक्टरांनी पॉवर प्रेस पाहिलेलाच नसतो. दोन्ही हातांनी पार्ट सरकवायचा असतो, मिनिटाला किती स्ट्रोक असतात, हे ऐकल्यावर ‘फिट’ लिहिणारा हात थांबतो.

बोर्डासमोरही तसंच. चांगले दिसायला म्हणून हात खिशात घालून उभे राहू नका, आणि उगाच लंगडूही नका; बोट गेलेला माणूस लंगडत आला की बोर्डावरचे तिघं एकमेकांकडे बघतात. आलेले टक्के पटले नाहीत तर अपील आहे, मेडिकल अपील ट्रिब्युनलकडे किंवा थेट कामगार विमा न्यायालयात. निर्णय कळल्यापासून तीन महिन्यांच्या आत करा, म्हणून निर्णयाचं पाकीट ज्या दिवशी हातात आलं ती तारीख पाकिटावरच लिहून ठेवा.

तुमचं उत्तर इथं संपलं, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांचे हात वेगळे असतील, म्हणून भराभर. ईएसआय लागू नसेल, म्हणजे पगार २१ हजारांच्या वर असेल, तर नुकसानभरपाईचा दावा मालकावर करायचा. १९२३ पासून ती सोय आहे, दावा दोन वर्षांच्या आत करायचा. अर्धांगवायूसारख्या दुखण्यानं माणूस कायमचा आणि पूर्ण निकामी झाला तर पीएफच्या ९५ च्या पेन्शन योजनेत दहा वर्षांची अट लागत नाही, एका महिन्याची वर्गणीही पुरते. हे बहुतेक कुटुंबांना कुणी सांगतच नाही आणि ते पीएफ काढून मोकळे होतात. दिव्यांग सर्टिफिकेटासाठी मात्र अर्धांगवायूनंतर बोर्ड सहसा सहा महिने थांबायला सांगतं, कारण तोवर हात किती परत येईल ते कळत नाही. कामावर येता-जाताना रस्त्यात झालेला अपघातही ईएसआयमध्ये कामावरचाच धरता येतो. नाशिक रस्त्यावर रात्रपाळीला जाताना पडलेल्या किती तरी पोरांना हे ठाऊक नव्हतं. बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जातात त्या विम्यात बोटाला काही नाही. एक हात, एक पाय किंवा एक डोळा पूर्ण गेला तर एक लाख.

हिंजवडीकडची मंडळी विचारतात, आमच्या एचआरला सर्टिफिकेटावर आजाराचं नाव हवंय, नैराश्य कसं लिहून देणार? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत, आजारपणाची वेगळी रजा नाहीच. ती कंपनी आपल्या धोरणानं देते, म्हणून कागदही ती आपल्या पद्धतीनं मागते. मी अशा वेळी पेशंटला विचारून, त्याची संमती केसपेपरवर घेऊन, जेवढं सांगायला तो तयार आहे तेवढंच लिहितो. निदान खासगी ठेवून ‘माझ्या उपचाराखाली आहे, इतके दिवस कामास असमर्थ’ एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. अडलंच तर कंपनीच्या डॉक्टरांशी मी बोलतो, एचआरशी नाही.

ताई, सोमवारी खासगी हॉस्पिटलात अर्ज द्या, कागद हातात आले की एक्स-रे घेऊन मिस्टरांना माझ्याकडे नाहीतर तुमच्या ओळखीच्या कुठल्याही डॉक्टरकडे न्या आणि एकच विचारा: मुळाशी हाड उरलंय का? ते कळल्यावर शाखा कार्यालयाचा अर्ज लिहायला बसा. चालू सर्टिफिकेट कधी संपतंय ती तारीख कॅलेंडरवर आजच लाल पेननं करून ठेवा.